काठ म्हणजे काय

एकतीस वर्षं मी नगररचनेत ट्रेसर होते, कोठी कचेरीत.
ट्रेसिंगचं कापड, काळी शाई, बारीक निब,
आणि विश्वामित्री. समापासून वडसरपर्यंत
तिची वळणं अजून डोळे मिटून काढीन.
दुसरी नदी मला येत नाही.

दर वळणाला दोन रेषा असत.
एक पाण्याची, सलग.
दुसरी पुराची, तुटक,
स्मशानामागून, भट्ट्यांमधून, कुणाच्या तरी शेवग्याखालून जाणारी.
मधल्या पट्ट्यात बांधायचं नाही.
चार ओळींचा नियम.
त्या पट्ट्यात मगरी अंडी घालतात
हे नियमात नव्हतं, वन खात्यातला राठवा सांगायचा.

मग सुधारणा आली.
सुलभीकरण, साहेब म्हणाले, आणि सगळ्यांना लीलो चेवडो मागवला.
मसुदा गुजरातीत. मी चाळीस वर्षं गुजरातीत पगार घेतला,
पण पोटात शिरायला मला मराठी लागतं,
म्हणून दांडिया बाजारात घरी बसून उतरवून काढला.
'पुराच्या रेषेपासून' होतं तिथं 'काठापासून'.
'मनाई राहील' होतं तिथं 'परवानगीने करता येईल'.
वन खात्याच्या भागात 'गुन्हा' जाऊन 'तडजोडयोग्य बाब'.
आणि मगरीला एक नवं विशेषण, 'उपद्रवी',
जे लावायला सोसायटीच्या सेक्रेटरीची सही पुरे.
काठ म्हणजे काय, ते व्याख्यांच्या पानावर नव्हतं.
मी विचारलं.
पागेदारबाई, साहेब म्हणाले, काठ सगळ्यांना माहीत असतो.

शाई पुसता येत नाही.
ब्लेड तिरपं धरून खरवडावी लागते, कापड न फाडता.
माझा हात त्यात चांगला होता.
तीन दुपारी लागल्या.
कुणी जबरदस्ती केली नाही, हेही सांगते.
पेन्शनीला चार महिने उरले होते.

परवा भाद्रपदात, पूर ओसरता ओसरता,
शनाभाई राठवाचा फोन, रात्री पावणेदोनला.
नदीदर्शन हाइट्स, तळघरातलं पार्किंग,
अकरा फुटी मादी, एका लाल स्कूटीला टेकून.
दोर बांधून झाले, डोळ्यांवर ओलं गोणपाट,
जिनाभर पोरं मोबाइल वर धरून.
बेन, फॉर्मात एक रकाना आहे,
अधिवासात सापडली की अधिवासाबाहेर?
नव्या नकाशात इथं नदीच नाही.
तुमच्याकडं जुना असेल.

होता.
कचेरीत संगणक आले तेव्हा सगळे नकाशे रद्दीत निघाले,
बाकीच्यांनी ते कापड धुऊन रुमाल शिवले.
मी एक तसाच आणला, साड्यांखाली ठेवला.
ट्यूबलाइटसमोर धरला.
खरवडलेली जागा उजेडात लपत नाही,
तिथं कापड विरविरीत झालेलं असतं,
तुटक, तुटक, जिथल्या तिथं.
पट्टी लावली. कितवा खांब, विचारलं.
चौदा आणि पंधराच्या मधे, डोकं चौदाकडं.
पावलं मोजायला लावली त्याला, नदीच्या अंगापासून.
माझी रेषा अठराव्या खांबाच्याही पलीकडून जात होती.

आत, मी म्हटलं. चांगलीच आत.
तो बोलेना. मागं कुणीतरी विचारत होतं,
स्कूटीचे ओरखडे कोण भरून देणार.
मग शनाभाई हळूच म्हणाला,
अधिवासात लिहिलं तर सोडायची पण इथंच, बेन.

कुणीच फोन ठेवला नाही.
तिचा श्वास ऐकू येतो का म्हणून मी कान लावला,
नुसती पंपाची घरघर.
हे पाणी कुठं सोडताहेत? मी विचारलं.
नदीत, तो म्हणाला. आणखी कुठं.