टोकन एकेचाळीस

सव्वीस वर्षं याच फुटपाथवरून ऑफिसला गेले,
काखेत पोळीभाजीचा डबा.
काचेपलीकडे पोरं वाकून वाकून खायची
आणि मी नाक मिटून पुढे.
खोटं कशाला, नाक उघडंच असायचं.

आज शाल-नारळ घेऊन निघाले
ती ईस्ट स्ट्रीटला वळून थेट आत.
"चिकन की मटण, मॅडम?"
म्हटलं, "त्यातल्या त्यात साधं."
गल्ल्यावरचा पोरगा हसला नाही. बरं वाटलं.

आला तो केवढा!
तोंड उघडताना कवळी आठवली.
पहिल्याच घासाला सॉस कोपरापर्यंत,
कांदा मांडीवर,
नव्या शालीवर कोबीची एक चिंधी.

"काकू, उलटा धरा," शेजारची मुलगी म्हणाली,
"आणि खाली ठेवू नका. ठेवला की गेला."

नाही ठेवला.
पर्समध्ये फोन वाजत होता,
भात लावू का, विचारायला असणार, दुसरं काय.
दोन्ही हात गुंतलेले.
वाजू दिला.

बसस्टॉपवर आल्यावर हाताचा वास घेतला एकदा,
मग लक्षात आलं,
नारळ तिथेच राहिला, खुर्चीखाली.