मानस

आधी नावच विचारतात. मानस म्हणजे मन का?
मी लिहिते: नाही. आमच्या चोडणात
खाजनाच्या बांधाला लाकडी दारं असतात, ती मानस.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, उघडतात.
भरती आली की खाऱ्या पाण्याच्याच दाबाने मिटतात.
गेलेलं पाणी त्या वाटेने परत येत नाही.
एवढं सांगितलं की निम्मं गणित समजावावं लागत नाही.

मग खरे प्रश्न.
संकेतशब्द तपासायला तीनशे मिलिसेकंद लागतात, कमी कसे करू?
जुन्या फोनवर चौदा इशारे येतात, घाबरू का?
एकदाच वापरायचा अंक दोनदा वापरला तर
काय होईल, नक्की काय, फार वाईट का?
(फार.)
आणि नाशिकचा एक पोरगा, हुशार:
पहिलं अक्षर चुकलं की तिथेच थांबूया,
वेळ वाचेल, दुरुस्ती पाठवली आहे, घ्याल ना?

त्याला फेरीबोट सांगितली.
सुकाणूवर आमचा रोक. बोटीत एकटा मास्तर असो
की अठरा स्कूटर, दोन टेंपो आणि वरातीचा बँड,
रायबंदरच्या धक्क्यावरून बघणाऱ्याला तोच वेग, तेवढाच वेळ.
तू पहिल्या चुकीला माघारी वळलास
तर काठावर घड्याळ घेऊन बसलेला माणूस
नुसता मोजत मोजत सगळा शब्द ओळखेल.
चूक कळली तरी पलीकडे जाऊनच यायचं.
दोन दिवसांनी उत्तर आलं: कळलं.
खाली: पायी जाणाऱ्याला तुमची बोट खरंच फुकट?

मंदपणाचा मला जरा गर्वच होता.
दर अंदाजाला तिष्ठत ठेवायचं, चोराला रात्र पुरू नये.
हॉर्न वाजवणाऱ्यांना रोक म्हणतो, सवकास.
मी तोच शब्द माहितीपत्रकात पहिल्या ओळीवर घातला.

डिचोलीच्या साईश शेटकरने एकट्यानेच उलटं विचारलं होतं:
आणखी मंद करता येईल का?
मला कोण आनंद. रात्री दीडला बसून
कुठला आकडा किती वाढवायचा ते लिहून दिलं,
त्याच्या यंत्रावर दोन सेकंद होतील असं.
त्याने फक्त अंगठा पाठवला.

सप्टेंबरात त्याच पत्त्यावरून बहिणीचं पत्र, उर्वीचं.
साईश गेला. माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी, मोटारसायकलवर.
त्याच्या पेटीत काय आहे माहीत नाही,
आईचे आवाज असावेत असं वाटतं, तो भरून ठेवायचा.
तुम्हीच लिहिलंय ना हे,
तुमच्याकडे एखादी जादा किल्ली असेलच.

नाही, एवढंच लिहिलं. खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.
मग: तो कुत्र्याला काय म्हणायचा? पहिल्या गाडीचा नंबर?
शिवी कुठली द्यायचा, ओळी कुठल्या पाठ होत्या?
तिने वहीची पानंच्या पानं फोटो काढून पाठवली.

दर शब्दाला दोन सेकंद.
एका वेळी तीनच चालतात, चौथ्याला मेमरी पुरत नाही;
तेही मीच ठरवलेलं, मुद्दाम.
वर्षभर ज्या ज्या युक्त्या लोकांना करू दिल्या नाहीत
त्या सगळ्या आज करून पाहिल्या.
अकरा शतांश सेकंद वाचले.

शेवटची बोट केव्हाच गेली.
बरोबर शब्दालाही चुकीच्या शब्दाएवढाच वेळ लागतो,
म्हणून पडद्याकडे बघून काही म्हणता काही कळत नाही,
जवळ आलोय की अजून नदीच्या मधोमध.

आत्ताच तिचं आणखी एक आलं:
लहानपणी तो मला बिमली म्हणायचा,
माझं तोंड सदा आंबट, म्हणून. पण हा कशाला ठेवेल?

रोमी अक्षरांत ते किती तऱ्हांनी लिहिता येईल,
शेवटी आय की डबल ई,
मोजते आहे.