भूल

उणे एकतीस. रोझो गावच्या शेडमध्ये
ग्रेडर उभा आहे, एकोणऐंशी सालचा, पिवळा,
अंगावर हिमाची बारीक साय धरून.
भिंतीवर ब्लॉक-हीटरची वायर,
काल संध्याकाळी होती तशीच, वेटोळं घालून, खुंटीला.
ती खोचायचं काम माझं होतं.

कू वांग डबा घेऊन येतो. लाल टोपणाचा,
वर ज्वाळेचं चित्र. खुळखुळ्यासारखा हलवतोय.
"मारू का?"
"थांब."

मला आधी वास आठवतो, मग नियम.
गोडसर, गार, नाकाच्या मुळाशी चिमटा काढणारा.
बुधवारी आणि शनिवारी आईच्या पदराला यायचा,
मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशनचे वार असायचे.
जाळीच्या मुखवट्यावर ती थेंब थेंब सोडायची
आणि पेशंटला आकडे मोजायला लावायची.
विसाच्या पुढे फारसं कुणी गेलं नाही, म्हणायची.
"भूल देताना घाई करायची नाही, पोरी.
जास्त झाली की माणूस परत येत नाही."

इथे तीच वाफ झोपलेल्याला उठवते.
डिझेलला ठिणगी लागत नाही,
ते दाबाच्या उबेवर पेटतं,
आणि अशा थंडीत ती ऊब लोखंडच पिऊन टाकतं.
इथर उतावीळ. त्याला जराशी धग पुरते.
पिस्टन अजून वर चढत असतो
तोवरच डोक्यात घण.

हे मला आर्विड टोलेफसनने शिकवलं.
त्याला डावी भुवई नाही.
नव्या ट्रकच्या श्वासनळीत हीटरची जाळी होती,
किल्ली फिरवली की लाल होणारी. तो विसरला.
एअर क्लीनरचं झाकण जिथून बाहेर गेलं
तिथे छताला अजून ठिगळ आहे, भाकरीएवढं.
"ज्याच्या आत तार तापते
त्याला हा डबा दाखवायचासुद्धा नाही," तो म्हणतो,
दरवर्षी, पहिल्या बर्फाला, न चुकता.

म्हणून मी कूला विचारते, ग्लो प्लग?
तो वाकून बघतो. मळकं मॅन्युअल उघडतो,
बोटाने ओळी चाचपतो.
"नाहीत. जाळीपण नाही."
सिगारेट?
तो कानामागची काढून खिशात घालतो, न पेटवलेली.
शटर वर. वारा आत येतो कान कापत.

"स्टार्टर मी मारते. इंजिन फिरायला लागलं की मगच तू.
थांबलेल्यात कधीच नाही.
हातभर लांबून, तोंड बाजूला करून,
'एक' म्हणायला लागतो तेवढाच वेळ."

घर्र. घर्र. कू म्हणतो, एक.
ग्रेडर खोकतो, पांढरा धूर सोडतो, गप्प.
त्याचं बोट परत बटणावर.
"नको. स्टार्टरलाही दम खाऊ दे."

त्या दोन मिनिटांत मी त्याला सोरेनसनांचा ट्रॅक्टर सांगते,
ज्याला रोज सकाळी फवारा लागायचा,
आधी एक, मग तीन, मग अर्धा डबा.
शेवटी उघडला तेव्हा रिंगांचे तुकडे
ताटलीत काढून ठेवले होते, चिंचोक्यांसारखे.

घर्र.
आणि मग तो धरतो. एक सिलिंडर, दोन,
बाकीचे कुरकुरत मागून येतात,
खिडकीवरचा बर्फ सुटून पडायला लागतो.
कू डबा उंचावतो, बक्षीस मिळाल्यासारखा.
मी तो काढून घेते, कपाटात ठेवते,
शेकोटीपासून दूर, कुलूप लावून.

आर्विड येतो तेव्हा रस्ता अर्धा साफ झालेला असतो.
"कशावर उठला?"
"भूल दिली," मी म्हणते. मराठीतच.
मग, "माझीच."
त्याला शब्द कळत नाही. तो खुंटीकडे बघतो,
वेटोळ्यावरची धूळ बघतो,
आणि जिथे भुवई नाही तिथे
एक बोट हळूच टेकवतो.