ठिबक

त्र्याण्णवचा ऑगस्ट. भादलीच्या शेतात
मी नव्या नळ्या अंथरत होतो
आणि वस्फी बांधावर उकिडवा बसून बघत होता.
जळगावला औषधशास्त्र शिकायचा, आमच्या मागच्या खोलीत राहायचा.
भाडं वेळेवर. चहात साखर चार चमचे.

मी म्हटलं, बघ, थेंब थेंब, नेमका बुडाशी.
हे तुझ्या शेजारून आलंय. फार हुशार लोक.
त्यानं नळी हातात घेतली,
बोटानं छिद्र शोधत राहिला.
'हुशार आहेत,' म्हणाला.
'आमच्या विहिरीवर मीटर त्यांचा.
नवी खोदायची तर शिक्का त्यांचा.
बाबा म्हणतात, थेंब मोजायला
त्यांना वाळवंटानं शिकवलं, आम्हाला त्यांनी.'

वत्सलाचं माहेर हतनूरच्या पाण्यात गेलेलं.
मे महिन्यात पाणी उतरलं की
मारुतीचा ओटा वर येतो,
ती दरसाल नारळ घेऊन जाते.
त्या उन्हाळ्यात त्यालाही नेलं.
मला वाटलं होतं, दुःखाला दुःख लागून येईल.
तो भेगाळल्या गाळात कितीतरी वेळ उभा.
मग म्हणाला,
'भाभी, तुमच्या घरात मासे राहतात.
आमच्या घरात माणसं राहतात.
मासे कधी म्हणत नाहीत
की आम्ही आलो तेव्हा इथे कुणी नव्हतं.'
वत्सलानं नारळ फोडला. अर्धी वाटी त्याच्या हातावर ठेवली.

त्याच्या आजोबांच्या संत्र्याच्या बागेचा उतारा होता त्याच्याजवळ,
झेरॉक्सची झेरॉक्स, इंग्रजांच्या शिक्क्याची.
मला त्यातलं अक्षर लागलं नाही.
पण जमिनीचा कागद ओळखायला अक्षर कशाला लागतं?
क्षेत्राचा रकाना मी बोटानं दाखवला.
तो हसला. पहिल्यांदाच मोठ्यानं.

सप्टेंबरात टीव्हीवर हिरवळ दिसली,
दोघांनी हात मिळवले, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.
मी धावत जाऊन पावशेर पेढे आणले.
त्यानं एक घेतला, अर्धा खाल्ला.
'पाणी नंतर ठरणार,' म्हणाला.
'गेलेले परत येणार का, तेही नंतर.
आजोबांचं वय एक्याऐंशी.'

घरून पत्रं यायची, तो मला वाचून दाखवायचा,
हिंदीत, अडखळत.
बहीण लिहायची, अर्धं तर अर्धं, निदान रात्री झोप तरी लागेल.
काका लिहायचा, अर्ध्यावर सही करणारा हात माझा नव्हे.
चुलतभाऊ काहीच लिहायचा नाही,
त्याचं पत्र तुरुंगातून येई, काळ्या पट्ट्यांसकट.
आणि तू? मी विचारलं.
वांगी भाजत होतो आम्ही, पऱ्हाट्यांच्या जाळावर.
'त्यांनाही कुठून कुठून हाकललं होतं, मला माहीत आहे.
कसं हाकललं, तेही वाचलंय.
पण त्याची भरपाई आजोबांच्या दारातून का?'
वांग्याची साल सोलता सोलता बोट पोळलं त्याचं.
'राहू देत ते. कुणाला समुद्रात ढकलायचं नाही मला.
फक्त एकाच रस्त्यावर एकच नियम हवा.'
मग भरीत चाखून म्हणाला, यात तीळ वाटून घाला की.
वत्सला म्हणाली, तुझ्या गावात घाल.
आणि लगेच गप्प झाली.

जायच्या आदल्या दिवशी तो शेतात आला.
'शेवटच्या खोडालाही पहिल्याइतकंच मिळतं?'
दाब सारखा ठेवला तर, मी म्हटलं.
'आणि नाही ठेवला तर?'
तर पुढची केळ माजते, मागची उभी वाळते.
त्यानं मान डोलावली. वहीत काहीतरी लिहिलं,
उजवीकडून डावीकडे.

शेवटचं पत्र दोन हजार दोनच्या मार्चमधलं. नाब्लुस.
दुकान बंद आहे, छप्पर शाबूत आहे,
मुलीला बाराखडीतलं एक अक्षर शिकवलंय, 'क', केळीचा.
पुढे काही नाही.
मी चार पत्रं टाकली. एक परत आलं.

आता बागेला मुलगा बघतो, मोबाइलवरून पाणी सोडतो.
तरी सकाळी मी नळीच्या पार टोकाशी जातो,
वाकतो, शेवटचा ड्रीपर उचलतो.
कधी थेंब असतो.
कधी नुसती हवा, फुसफुसणारी.