जांभळ्यासाठी स्थळं

यासीन शिकलगारनं हातातली जाळी खाली ठेवली
आणि विचारलं, "स्वभाव कसा आहे?"
म्हटलं, फायटर. जांभळा. एकटाच असतो.
आरशात स्वतःला बघितलं तरी कल्ले फुगवतो.
"मग मासा नको, ताई.
बिनकण्याचं कुणीतरी बघू."

मला हसू आलं.
माझ्या तिसऱ्या स्थळाबद्दल
आई अगदी हेच म्हणाली होती.

महाद्वार रोडच्या मागचा बोळ, दुपारची लाईट गेलेली,
मोबाईलच्या उजेडात तो एकेक पिशवी धरून दाखवत गेला.
लाल चेरी झिंगे: गुंजेएवढा जीव,
पण रंग असा की लांबूनही डोळ्यांत भरतो.
भुताळी झिंगा, आरपार,
त्यानं खाल्लेला घाससुद्धा लपत नाही.
खेकडा देखणा; त्याला मात्र कोरडी जमीन लागते,
एखाद्या रात्री झाकण ढकलून चालता होईल.
सोनेरी मोठी गोगलगाय.
"हिची लांब शिंगं. तुमचा गडी गांडूळ समजून ओढणार."
आणि तळाशी, शर्टाच्या बटणाएवढी,
काळ्या पट्ट्यांची नेराइट.
"ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. काच चाटती, बास."

सहा लाल झिंगे घेतले आणि ती एक.
"शेवाळाचं रान वाढवा," पैसे मोजता मोजता तो म्हणाला,
"लपायला जागा असली की
निम्मी भांडणं होतच नाहीत."
आमच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या
मी मनातल्या मनात एकदा मोजून घेतल्या.

आई म्हणाली, "अगं, हा तर जवळा!
तव्यावर परतला तर भाकरीला तोंडी लागंल."

तासभर पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली,
चमच्याचमच्यानं आमचं पाणी त्यांना चाखवलं,
मग सोडलं.
जांभळ्या आला. थांबला. एका डोळ्यानं पाहिलं.
वर जाऊन हवेचा एक घोट घेतला
आणि पंख्याखाली वाळणाऱ्या शालूसारखा
आपल्या कोपऱ्यात निघून गेला.

चौथ्या दिवशी दोन आडवे, उकडल्यासारखे गुलाबी.
सहाव्या दिवशी एकही नाही.
"त्याच्या डोळ्यांतच होतं ते," आई म्हणाली.
मी जांभळ्याला दोन दिवस उपाशी ठेवलं.
ऑफिसातून आले की तो काचेपाशी यायचा.
मी मान फिरवायचे.

शिकलगारनं कागदाच्या पुडीतला झिंगा
तळहातावर घेतला, नखानं उलटा केला.
"हे चावल्यालं न्हाई. पाणी कुठलं वापरता?"

पाणी नळाचंच.
ते दिवसाआड येतं, म्हणून आई रात्री भरून ठेवते,
चिंचेनं घासलेल्या तिच्या लग्नातल्या
तांब्याच्या घागरीत.
तेच पाणी पिऊन मी एक्केचाळीस वर्षांची झाले,
साधा ताप नाही.

"झिंग्याला तांबं म्हणजे वीख, ताई.
कणभर बास हुतंय."

घरी येऊन सगळं पाणी बदललं.
गोगलगाय दार लावून बसली होती.
दोन दिवसांनी फट पडली,
मग एक शिंग, मग दुसरं.
जांभळ्याला दोन दाणे जास्त टाकले.
त्यानं ते मुकाट्यानं खाल्ले;
माफ केलं की भूक होती, कळलं नाही.

दाराआड आता एक निळी प्लास्टिकची बादली आहे.
घागर आहे तिथंच आहे.
आईनं विचारलं, "ही कशाला?"
मी म्हटलं, "असू दे."

शंखाला चुना लागतो असं कुठूनसं ऐकून
तिनंच काष्टौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणला.
गोगलगायीनं लाकडावर तिळासारखी
पांढरी अंडी चिकटवून ठेवलीत.
ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत,
त्यांना खाडीचं पाणी लागतं.
आई रोज सकाळी चष्मा लावून मोजते.
काल चव्वेचाळीस होती.
"एवढ्यांना जागा पुरंल का गं?" तिनं विचारलं,
आणि मी बादलीतलं पाणी
हळूहळू टाकीत ओतत राहिले.