खर्ज

तू विचारलंस म्हणून हसले, पोरा, राग मानू नकोस.
ह्या कोरड्या पुलावर आठवड्यातून दोनदा तरी कुणी विचारतंच:
खिशातल्या फोनात सगळं असताना
ही जड, धूळखाऊ तबकडी कशाला?
गिऱ्हाईक असेल तर मी सांगते, आवाज उबदार असतो.
ते मान हलवतं, पैसे मोजतं, जातं.
खरं तर उबेचं मला काही कळत नाही.
मला थंडी ठाऊक आहे.

ब्याण्णवचा हिवाळा. की त्र्याण्णवचा.
तिबिलिसीत वीज यायची रात्री तीनला, वीस मिनिटं,
आणि अख्खी इमारत उठून कणीक मळायची,
पाणी तापवायची, पोरांची डोकी धुवायची.
त्यात गाणं कोण लावतंय!
वरच्या मजल्यावर वालिको राहायचा, ट्रामचा ड्रायव्हर.
ट्राम बंद, हात रिकामे.
त्यानं शाळेतला जुना नकाशा गुंडाळून कर्णा केला,
टोकाला आईची शिवणाची सुई,
स्टुलात खालून ठोकलेला खिळा, खिळ्यावर तबकडी,
आणि तर्जनीनं लागला फिरवायला.

आधी नुसती खरखर,
तापल्या तव्यावर मीठ पडावं तशी.
मग माणसं.
काखेतीचे तिघं म्हातारे, जेवणाच्या मेजावरचं गाणं,
मुंगीएवढे होऊन
सैबेरियाच्या आतून गात होते.
वालिकोला खोकला आला की तिघंही अडखळायचे.
वरचा आवाज येत होता. मधला येत होता.
खर्ज येईना.
कागदाला खर्ज पेलत नाही.
आणि आमचं गाणं खर्जाशिवाय
म्हणजे पाय नसलेलं मेज, त्यावर ताटं कुठं ठेवायची?

तेव्हा त्सियालानं, तोंड न उघडता,
तळाचा सूर धरला.
ती दातांची डॉक्टर. तिला गाताना कुणीच ऐकलं नव्हतं.
मग गुरामनं; ह्याच्याशी माझे वडील
रॉकेलच्या एका डब्यावरून वर्षभर बोलत नव्हते.
मग वडिलांनी, भिंतीकडे तोंड करून.
कोट-टोप्यांतली अकरा माणसं, एक मेणबत्ती,
आणि प्रत्येकाच्या नाकातोंडातून
सुराबरोबर निघणारी वाफ.

तबकडीचं वाटोळं झालं, हे कबूल.
शिवणाची सुई म्हणजे नांगरच.
रोज रात्री थोडं थोडं गाणं
काळा भुगा होऊन वालिकोच्या बोटाला लागायचं.
फेब्रुवारीत मधला आवाज फाटला,
तो आम्ही घेतला.
मार्चअखेर वरचाही गेला,
तो माझ्या वाट्याला आला, मी नऊ वर्षांची होते.
मग उरली खरखर.
तरी वालिको फिरवत राहिला.
म्हणायचा, कुठून सुरू करायचं ते तिलाच माहीत आहे.

आता माझ्याकडे चांगलं यंत्र आहे, हिऱ्याच्या टोकाची सुई आहे.
तीच तबकडी, दुसरी प्रत, अगदी कोरी,
दिगोमीतल्या एका विधवेकडून घेतली.
तिच्यात खर्ज आहे, भरपूर आहे,
काचेची कपाटं थरथरतात.
पहिल्यांदा लावली तेव्हा
मी खुर्चीत नुसती बसून राहिले,
लग्नात ओळखीचं कुणी नसलेल्या पाहुणीसारखी.
मग उठून खर्जाचं बटण शून्यावर नेलं.
नवरा म्हणाला, बिघडलं वाटतं.
म्हटलं, असू दे.

बरं, तू काय घेणार?
ती हिरव्या वेष्टनातली पंचवीस लारी, ह्या दोन मिळून चाळीस.
खालची, माझ्या पायाशी, टॉवेलात गुंडाळलेली,
ती नाही विकायची.
विकून फसवणूकच होईल, तिच्यावर काही ऐकू येत नाही.
म्हणजे, तुला येईल की नाही कुणास ठाऊक.

बघायचंय?
मग टोपी काढ. कान इथं आण.
अंहं, एवढ्या जोरात नको. बोट फक्त टेकव.
वळणावर ट्राम घेतात ना,
तशी.