तारीख मिळणेबाबत

मेहेरबान दिवाणी न्यायाधीश साहेब, कनिष्ठ स्तर,
देवगड, यांचे कोर्टात.
अर्जदार: इंदुमती रघुवीर मेथर, वय त्रेसष्ट,
धंदा सुकी मासळी, राहणार कातळसडी, खालची वाडी.
अर्ज देते ऐसा जे,

माझ्या खळ्यावरून खाडीकडे उतरणारी
अडीच हात रुंदीची वाट
भालचंद्र तांडेल यांनी चिरे लावून बंद केली.
तिथे आता न्याहारी-निवासाची पाटी आहे.
पाटीवर मासा काढलाय, हसणारा.
मासा कधी हसत नाही, साहेब,
पण तो या दाव्याचा विषय नाही.

विषय तारखेचा.

दावा दाखल झाल्यापासून दोनदा होड्या वर ओढल्या,
दोनदा लोटल्या.
दर खेपेला भाऊसाहेब म्हणतात, गावात मिटवा.
गावात मिटवतात कसं, ते लिहून ठेवते.

देवळात बारा मानकरी बसले.
सातजण भालचंद्रच्या ट्रॉलरवर वाटेकरी,
दोघांच्या मुली त्याच्या घरात दिलेल्या,
एक बहिरा,
एक माझा चुलतदीर, तो माझ्याकडे न बघता
पानाला चुना लावत राहिला, लावतच राहिला,
आणि उरलेला एक बोलला नाही.
पाषाणाला कौल लावला. उजवी कळी पडली.

देवावर माझा आक्षेप नाही.
देव विचारलेल्याचंच उत्तर देतो.
विचारलं होतं, गावाचं भलं होईल ना?
वाटेचं कुणी विचारलंच नाही.

सबब विनंती की
मेहेरबान कोर्टाने हे एकट्याने ऐकावे.
वकील सांगतात, बाराजण बसवून निकाल करायची रीत
आपल्या देशात केव्हाच बंद झाली.
कायद्यात झाली असेल.
नळावर चालू आहे, बर्फाच्या रांगेत चालू आहे,
एसटीच्या मागच्या बाकावर
साक्षीच्या आधी निकाल लागतो.

इथवर लिहून केरकर मास्तर थांबले.
पेनाचं टोपण दातात धरून म्हणाले, पुढे?

पुढे असं, की मीही बसले आहे.
सत्त्याऐंशी साली, बांगड्यांच्या ढिगाभोवती,
आम्ही बाराजणी, पुढ्यात अडाळे,
नंदिनी टिकमचा निकाल केला.
तिला बोलावलं नव्हतं.
एक टोपली साफ व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला.
मी एवढंच म्हटलं होतं,
तिचे डोळेच तसे.
संध्याकाळच्या गाडीने ती गेली.
तिची एक चप्पल कितीतरी दिवस तरीवर होती,
भरतीने नेली नाही, आम्हीही उचलली नाही.
तेव्हापासून ठाऊक आहे,
बाराजणी मिळून कापलं
की हात कुणाचेच घाण होत नाहीत.

'हे अर्जात बसत नाही, बाई.'
'बसवा. चाळीस वर्षां मी टोपलेत सगळा बसवतंय.'
मास्तरांनी लिहिलं नाही.
खोडलंही नाही. दोन ओळींची जागा सोडली
आणि विचारलं, तारीख कधीची हवी?

पुनवेची नको, अवसेची नको,
उधाणात तरीचा धक्का बुडतो.
अष्टमीच्या भांगाला द्यावी.
तेव्हा पाणी फार चढत नाही, फार ओढतही नाही,
आपल्या जागी राहून ऐकल्यासारखं असतं.
तसं एक माणूस समोर बसलेलं हवं.
निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी जाऊ दे.
चुकायचं तर एकाने चुकावं,
खाली त्याचं नाव असेल, सही असेल,
वरच्या कोर्टात दाद मागता येईल.
गावावर अपील कुठे करतात, साहेब?

सोबत: सातबाराचा उतारा,
बंद वाटेचा फोटो,
त्यात मी आडवे हात करून उभी आहे, रुंदी कळावी म्हणून.
कोर्ट फी स्टँप लावला आहे.
अंगठा नाही, सही करते.

दिनांकापुढे मास्तरांनी कोरं सोडलंय.
तेवढं आपण भरावं.